पिकअपच्या हौद्यावर काय घालावं?

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव गाडीतच होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअप रांगेनं उभ्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका गाडीपाशी थांबतो, कुणीतरी हौद्यात हात घालून खालचा कांदा वर काढतं, अंगठ्यानं दाबून बघतं आणि बोली सुरू होते. गाडीचा निकाल लागायला फार वेळ लागत नाही. तोवर ताडपत्री बाजूला झालेली हवी आणि आभाळ भरून आलं असेल तर बोली संपताच ती परत ओढता यायला हवी. या शेतकऱ्याला कुलूप लागणारं ॲल्युमिनियमचं झाकण कुणी फुकट दिलं, तरी ते त्याच्या कामाचं नाही.

आता पुण्यात एसी बसवून देणाऱ्या एखाद्या कंत्राटदाराची गाडी बघा. हौद्यात तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, ड्रिल मशीन, व्हॅक्यूम पंप, वायरची बंडलं. माणसं सातव्या मजल्यावर कामात आणि गाडी खाली रस्त्याच्या कडेला, डोळा ठेवायला कुणी नाही. तांबं तर भंगारातही चांगल्या भावानं जातं. या गाडीवर नुसती ताडपत्री टाकली, तर पावसाची काळजी मिटेल; चोराची मिटणार नाही.

गाडी एकाच कंपनीची, हौदाही एकाच मापाचा असला तरी गरज वेगळी आहे. म्हणून झाकण घेताना किंमत विचारण्याआधी तीन गोष्टी स्वतःशी ठरवाव्या लागतात. माल कशापासून वाचवायचा आहे: पाऊस, ऊन की माणसाचा हात? दिवसातून किती वेळा उघडझाप होणार? आणि माल बाजूच्या फळ्यांच्या वर किती जाणार? या तिन्हींना पुरून उरणारं झाकण बाजारात मिळत नाही. बंदोबस्त वाढवला की उंची, वजन किंवा उघडण्याची सोय यांपैकी काहीतरी सोडावं लागतं.

पिकअपचा जन्मच मुळी उघड्या हौद्यासाठी झाला. अमेरिकेत शेतकरी मोटारीचा मागचा भाग काढून तिथे लाकडी खोकं बसवून घेत असत. ते बघून फोर्डनं 1925 साली ‘मॉडेल टी’ गाडी कारखान्यातच हौदा बसवून विकायला काढली. किंमत होती 281 डॉलर. ऑस्ट्रेलियात एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्डला पत्र लिहून रविवारी चर्चला आणि सोमवारी डुकरं घेऊन बाजाराला नेता येईल अशी गाडी मागितली आणि त्यावरून ल्यू बँट या तरुण आरेखकानं 1934 साली ‘यूट’ ही तिथली पिकअप घडवली, ही कहाणी तिथे आजही सांगितली जाते. भारतात टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, 1988 साली टाटामोबाइल आणली, 2005 साली टाटा एस म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’ आला, आणि महिंद्राची बोलेरो पिकअप तर गावोगावच्या रस्त्यांवर इतकी रुळली की ‘पिकअप’ म्हटलं की तीच डोळ्यांपुढे येते. या गाड्यांच्या हौद्यात वरून, बाजूनं, मागून कुठूनही माल चढवता येतो. झाकण घालायचं म्हणजे यातली एखादी वाट अडवायची.

ताडपत्री: स्वस्त, पण बांधायची अक्कल हवी

सगळ्यात कमी अडवणूक ताडपत्री करते. हल्लीच्या बहुतेक ताडपत्र्या एचडीपीई या प्लास्टिकच्या विणलेल्या पट्ट्यांच्या असतात आणि त्यांवर दोन्ही बाजूंनी पातळ थर चढवलेला असतो. त्यांच्यासाठी ‘आयएस 7903’ हे भारतीय मानक आहे. दुकानात ‘किती जीएसएमची?’ असं विचारलं जातं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर ताडपत्रीचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तशी ताडपत्री जाड. पण नुसत्या जाडीवर जाऊ नये. प्लास्टिक उन्हानं कडक होऊन तडकतं, त्यामुळे ऊन सोसण्यासाठी त्यात यूव्ही प्रक्रिया केली आहे का, हे विचारलेलं बरं. पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड वजनाला जड आणि महाग असतं, पण रोजच्या घासाघाशीला जास्त टिकतं. जुन्या पद्धतीची सुती कॅनव्हासची ताडपत्री थोडी हवा खेळू देते. मात्र भिजली की जड होते आणि ओली घडी करून ठेवली तर बुरशी धरते.

माप घेताना बहुतेकांची गफलत होते ती हौद्याचा तळ मोजण्यात. समजा हौदा नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद आहे, आणि माल फळ्यांच्या वर तीन फूट जातो. मग ताडपत्रीला रुंदीत साडेपाच अधिक दोन्ही बाजूंचे तीन-तीन, असे साडेअकरा फूट लागतात आणि लांबीत पंधरा. त्यावर फळीखाली दुमडून बांधायला चारी बाजूंनी निदान एकेक फूट. म्हणजे साडेतेरा बाय सतरा. तळ मोजून आणलेली ताडपत्री भरल्या मालावर टोपीसारखी बसते आणि वाऱ्याला आयतं तोंड मिळतं.

वारा आत शिरला की काय होतं, हे महामार्गावर रोज दिसतं. गाडी धावताना ताडपत्रीच्या वरून हवा जोरात जाते, तिथला दाब कमी होतो आणि ताडपत्री फुगून वर ओढली जाते. हा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी 40 किलोमीटरला जेवढी ओढ असेल, त्याच्या चौपट 80 ला. गावातून निघताना घट्ट वाटलेली गाठ बायपासवर सुटते ती यामुळेच.

म्हणून बांधायचा क्रम महत्त्वाचा. सराईत चालक आधी केबिनच्या बाजूची कड खाली दुमडतो, मग तिच्यावर दोन्ही बाजूंच्या कडा घेतो आणि कोपऱ्यातल्या घड्या मागच्या दिशेनं वळवतो. कौलं जशी एकमेकांवर चढवतात तशाच या घड्या चढवायच्या, म्हणजे समोरून येणारा वारा आणि पाणी दोन्ही घडीवरून पुढे सरकतात, आत शिरत नाहीत. दोर हुकात अडकवल्यावर चालक मध्येच एक फास करून त्यातून खाली ओढतो; या फासामुळे हातानं लावलेला ताण जवळपास दुप्पट होतो. जिथे दोर फळीच्या कडेवर घासतो, तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घालतो. ताडपत्रीला भोकं पडतात ती बहुधा अशा घासण्यानं. पाच-दहा किलोमीटर गेल्यावर उतरून दोर पुन्हा एकदा ताणायचा, कारण माल हादऱ्यांनी खाली बसलेला असतो.

सपाट ताणलेल्या ताडपत्रीचा दुसरा शत्रू म्हणजे साचणारं पाणी. नऊ बाय साडेपाच फुटांच्या हौद्यावर एक सेंटिमीटर पाणी साचलं तरी ते 46 लिटर, म्हणजे 46 किलो भरतं. त्या वजनानं ताडपत्री आणखी खोल जाते, आणखी पाणी धरते आणि शेवटी शिवणीतून किंवा रिंगेच्या भोकातून गळू लागते. मधे एखादा बांबू किंवा पाइप आडवा टाकून उतार दिला, तर हा प्रश्न सुटतो.

कांदा, पालेभाजी, द्राक्षं यांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी लागते. काढणीनंतरही हा माल श्वास घेत असतो; उष्णता आणि ओल बाहेर टाकत असतो. चारी बाजूंनी गच्च आवळलेल्या ताडपत्रीखाली तो घामेजतो आणि सडायला लागतो. त्यामुळे पाऊस नसेल तेव्हा वर सावलीपुरतं आच्छादन आणि बाजूंना जाळी, एवढंच पुरतं.

कमानी आणि हूड

रोज ताडपत्री सोडायची-बांधायची कटकट ज्यांना नको, ते बॉडीवाल्याकडून लोखंडी पाइपच्या कमानी बसवून घेतात आणि त्यावर कापडी हूड चढवतात. आत माणूस वाकून उभा राहू शकतो, फर्निचर किंवा मंडपाचं सामान उभं राहतं, पाणी साचत नाही. मागचा पडदा वर गुंडाळला की हौदा उघडा.

याची किंमत पैशांखेरीज वजनातही मोजावी लागते. गाडीचं मालासकट एकूण वजन किती असावं, हे कंपनीनं ठरवलेलं असतं आणि नोंदणीपत्रावर ते लिहिलेलं असतं. सांगाड्याचं वजन त्यातूनच वजा होतं. साडेसातशे किलो पेलणाऱ्या छोट्या हत्तीवर दीडशे किलोचा सांगाडा चढवला, तर मालासाठी सहाशे उरतात. दर पाच फेऱ्यांत एका फेरीचा माल गेला. शिवाय उंची वाढली की वळणावर गाडी जास्त कलते आणि आडवा वारा जास्त लागतो. घाटातून ये-जा असणाऱ्यांनी कमानी लागतील तेवढ्याच उंच ठेवाव्यात.

बंद डबा

कुरिअर, औषधं, किराणा, बेकरी अशा मालाला पत्र्याचा बंद डबा सोयीचा. दाराला कडी-कोयंडा, आत फळ्या, पाऊस आणि धूळ दोन्ही बाहेर. पण माल फक्त मागच्या किंवा बाजूच्या दारातूनच चढतो. वरून क्रेननं किंवा बाजूनं हमालांच्या रांगेनं भरणं बंद. मे महिन्यात उन्हात उभा असलेला पत्र्याचा डबा आतून भट्टी होतो. डबा पांढरा रंगवला तर फरक पडतो, पण चॉकलेट किंवा दूध न्यायचं असेल तर भिंतींत उष्णतारोधक थर लागतोच.

काही वेळा हा निर्णय मालकाच्या हातात राहत नाही. 2018 साली मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या वादानंतर गोवा सरकारनं बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या मासळीसाठी अन्न व औषध प्रशासनाची नोंदणी आणि उष्णतारोधक वाहन अशा अटी घातल्या. मालवण, वेंगुर्ल्याकडून साध्या गाडीत बर्फ घालून मासळी नेणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना त्याचा फटका बसला आणि सिंधुदुर्गात त्यावरून आंदोलनं झाली. बांधकामाच्या मालाचंही तसंच. हवेच्या प्रदूषणावर मुंबई महापालिकेनं ऑक्टोबर 2023 मध्ये जी नियमावली काढली, तिच्यात वाळू, खडी, राडारोडा वाहणाऱ्या गाड्या पूर्ण झाकलेल्या असाव्यात, असं बजावलं आहे. इथे आच्छादन मालासाठी नसून मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांसाठी आणि शहराच्या फुप्फुसांसाठी असतं.

कुलपाची झाकणं

इसुझूची व्ही-क्रॉस 2016 साली आणि टोयोटाची हायलक्स 2022 साली भारतात आली, तेव्हापासून आपल्याकडे वेगळा ग्राहक दिसू लागला. चार दारांची, घरच्या वापराची पिकअप. मागे सुमारे पाच फुटांचा हौदा. आणि त्यात प्रवासाच्या बॅगा, तंबू, सायकली. या गाड्यांच्या झाकणांचा धंदा अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि थायलंडमध्ये वाढला. ऑस्ट्रेलियाची एआरबी, थायलंडच्या कॅरीबॉय आणि एरोक्लास ही त्यातली परिचित नावं.

प्रकार मुख्यत्वे चार. पहिला म्हणजे हौद्याच्या कडेला बसवलेल्या पट्ट्यांवर ताणलेलं व्हिनाइलचं कापड, जे केबिनकडे गुंडाळता येतं. हलकं आणि स्वस्त. पावसापुरतं ठीक, पण ब्लेडपुढे टिकत नाही. दुसरा, तीन-चार कडक तुकड्यांचं घडीचं झाकण. ॲल्युमिनियमचं असेल तर मजबूत, मात्र काही झाकणं पूर्ण उघडून उभी केली की मागची काच झाकली जाते. तिसरा, दुकानाच्या शटरसारखं आत सरकणारं झाकण. हे दिसायला देखणं, हवं तेवढंच उघडता येणारं. पण त्याची गुंडाळी ज्या पेटीत जाते ती केबिनलगतची जवळपास फूटभर जागा खाते. पाच फुटांच्या हौद्यात ही जागा लहान नाही. चौथा म्हणजे काचांची, दारांची फायबरची कॅनोपी. उंची भरपूर मिळते, कुलूप मिळतं, पण ती काढायला दोन-तीन माणसं लागतात आणि काढलेली ठेवायला जागाही लागते.

‘वर माणूस उभा राहिला तरी चालतं’ अशी जाहिरात कडक झाकणांची होते. काही अमेरिकी झाकणांवर 400 पौंड, म्हणजे सुमारे 180 किलो भार चालतो, असं कंपनी सांगते. ते वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असावं, ही अट बारीक अक्षरात असते. ती अट बर्फाच्या थराला लागू पडते. एका कोपऱ्यात ठेवलेल्या सिमेंटच्या पोत्यांना नाही.

पावसाळ्यासाठी आणखी एक बाब बघून घ्यावी. शटरच्या झाकणात शिरणारं पाणी कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली सोडलेलं असतं. या नळ्यांत माती आणि पालापाचोळा अडकला की पाणी थेट हौद्यात उतरतं. कोकणात गाडी वापरणाऱ्यानं मे महिन्यात तारेनं आणि पाण्याच्या फवाऱ्यानं त्या साफ करून घ्याव्यात.

झाकणानं इंधन वाचतं, असंही विक्रेते सांगतात. हौद्याचा मागचा फाळका उघडा ठेवला तर पेट्रोल कमी लागतं, असा समज अमेरिकेत होता. ‘मिथबस्टर्स’ या टीव्ही मालिकेनं तो तपासला तेव्हा निकाल उलटा निघाला. बंद फाळक्याच्या हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते. म्हणजे उघडा हौदा वाटतो तितकं इंधन खात नाही. आपल्याकडच्या वेगांना तर झाकणापायी होणारी बचत हिशेबात धरण्यासारखी नाही. उंच डबा बसवला तर खर्च वाढेल, एवढं मात्र नक्की.

चोर कुठून येतो

झाकणाचं कुलूप कितीही भारी असलं, तरी चोर फाळक्याकडे बघतो. अनेक झाकणं हौद्याच्या आतून शिकंज्यांनी आवळलेली असतात. फाळका उघडला की हात आत जातो आणि शिकंजे सैल करून अख्खं झाकणच उचलता येतं. म्हणून फाळक्याला स्वतंत्र कुलूप नसेल, तर वरच्या कुलपाचा खर्च वाया. अमेरिकेत तर फाळक्यांचीच चोरी होते. कित्येक गाड्यांचा फाळका ठरावीक कोनात आणला की बिजागरीतून अलगद निघतो आणि कॅमेरा बसवलेल्या फाळक्याला चांगली किंमत येते. आपल्याकडच्या मालवाहू पिकअपना फाळका साखळीच्या खिळीवर अडकवलेला असतो. तिथे कोयंडा वेल्ड करून घेणं हे कुठल्याही वर्कशॉपमधलं तासाभराचं काम आहे.

धुळे–सोलापूर महामार्गाच्या बीड–धाराशिव पट्ट्यात चढावर हळू झालेल्या ट्रकवर मागून चढून, ताडपत्री फाडून खोकी खाली टाकल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. अशा वेळी चालकाला आरशात काही दिसत नाही. पुढच्या ढाब्यावर उतरल्यावर कळतं. महागडा माल नियमित रात्रीचा नेणाऱ्यांना डब्याचं दार किंवा निदान ताडपत्रीखाली लोखंडी जाळी लागते ती यासाठी.

एसीवाल्या कंत्राटदारानं मात्र सगळा हौदा बंद करायची गरज नाही. त्याची किमती हत्यारं एका जाड पत्र्याच्या पेटीत मावतात. ही पेटी केबिनला चिकटून आडवी बसवायची, बोल्टचे नट पेटीच्या आतून आवळायचे म्हणजे ते बाहेरून हाताला लागत नाहीत, आणि कुलपाभोवती पत्र्याचा आडोसा करायचा, म्हणजे कटरला जागा मिळत नाही. उरलेल्या हौद्यात एसीची खोकी आणि वर साधी ताडपत्री. कमी वजनात आणि कमी खर्चात काम भागतं.

विम्याचा घोळही याच टप्प्यावर समजून घ्यावा. गाडीचा विमा गाडीचा असतो. हौद्यातला माल त्यात येत नाही. त्यासाठी मालवाहतुकीचा वेगळा विमा घ्यावा लागतो आणि माल कसा झाकला होता, कुलूप होतं का, गाडी कुठे उभी होती, हे दावा करताना विचारलं जातं. बाहेरून बसवलेलं महाग झाकणही पॉलिसीत जोडून घेतलं, तरच त्याची भरपाई मिळते.

आरटीओची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केलं. उघड्या हौद्यावर कायमचा डबा बसवला, तर नोंदणीपत्रावरचा बॉडीचा प्रकार बदलतो, म्हणून आधी आरटीओकडून परवानगी आणि नंतर नोंद करून घ्यावी लागते. नाहीतर फिटनेसच्या वेळी गाडी अडते. काढता येणारी ताडपत्री या भानगडीत येत नाही. तरी ताडपत्रीखाली माल कितीही भरता येतो, असं समजू नये. कलम 194 प्रमाणे जादा वजनाला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. माल बाजूंनी, पुढेमागे किंवा मर्यादेपेक्षा उंच बाहेर आला तरी 20,000. आणि मागचा पदर इतका लांब सोडू नये की टेललाइट, इंडिकेटर, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या आणि नंबर प्लेट झाकली जाईल. रात्री उभ्या गाडीवर मागून आदळणाऱ्या वाहनांच्या अपघातांत ही चूक महागात पडते.

झाकण कोणतंही घेतलं तरी पैसे पूर्ण देण्याआधी वर्कशॉपमध्येच एक परीक्षा करून घ्यावी. हौद्याच्या चारी कोपऱ्यांत आणि मधे कोरडी वर्तमानपत्रं पसरायची, झाकण बंद करायचं आणि पाइपनं दहा मिनिटं पाणी मारायचं; आधी वरून, मग केबिनच्या बाजूनं, शेवटी फाळक्याच्या फटीवर. कागद कुठे भिजला ते बघून त्या जागचं रबर बदलून मागायचं. मग गाडी एकदा खडबडीत रस्त्यावर फिरवून आणायची आणि कुलूप पहिल्याच फिरकीत उघडतं का, ते बघायचं. रबर बदलायला किंवा पट्टी हलवायला वर्कशॉपवाला तयार असतो तो बिल व्हायच्या आधी.